मोडेम कुणाचा?

अमेरिकेतल्या जुन्या टेलिफोनच्या तळाशी एक ओळ उमटवलेली असे. ‘बेल सिस्टिमची मालमत्ता, विक्रीसाठी नाही’ अशा अर्थाची. पन्नास-साठच्या दशकांत तिथल्या बहुतेक घरांत तो काळा, जड, गोल तबकडीचा फोन होता आणि तो त्या घराचा नव्हताच. घर तुमचं, टेबल तुमचं, त्यावर घातलेला क्रोशाचा रुमाल तुमचा, बिलही तुमचंच. फोन मात्र कंपनीचा! दर महिन्याला त्याचं भाडं भरायचं, वर्षानुवर्षं, आणि शेवटी घर सोडताना तो परत करायचा.

मंडळी, ही निवृत्त मास्तरीण आज टेलिफोनकडे कुठे वळली असं वाटेल. कारण साधं आहे. आमच्या घरातली आणि ब्लॉगवर भेटणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांचीही मुलं अमेरिकेत आहेत. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर गेल्या काही दिवसांत एकच प्रश्न तीनदा आला. केबलवाल्या कंपनीचा इंटरनेट मोडेम भाड्याने ठेवावा, नवा विकत घ्यावा, की कुणाचा तरी वापरलेला स्वस्तात उचलावा? लेक न्यू जर्सीत, भाचा टेक्सासात, त्याच्या मित्राने नुकतंच घर बदललेलं. तिघांची तीन मतं.

हिशेब तसा दोन ओळींचा आहे. तिथे मोडेमचं भाडं साधारण महिना दहा ते पंधरा डॉलर पडतं. पंधरा धरले तर वर्षाचे १८०. चांगला नवा मोडेम दीडशे-दोनशेच्या आसपास मिळतो, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षात पैसे फिटतात. वापरलेला तीस-चाळीस डॉलरला मिळाला तर तीन महिन्यांत फिटले. गणिताच्या बाईंनी इथेच फळा पुसला असता. पण मी इतिहास शिकवत असे, त्यामुळे दराचा तक्ता दिसला की तो पहिल्यांदा कुणी लिहिला हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि शोधत गेले तर हा मोडेमचा प्रश्न थेट १८७७ पर्यंत मागे जातो.

अलेक्झांडर ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं मार्च १८७६ मध्ये. यंत्र तर झालं, आता ते विकायचं कसं? बेलचा सासरा गार्डिनर हबर्ड वकील होता. (सासरा झाला तो जुलै १८७७ मध्ये, त्याआधी नुसता पाठीराखा.) हबर्डने पूर्वी चपला-बूट शिवण्याच्या यंत्रांच्या एका कारखानदाराचं वकीलपत्र घेतलं होतं. तो कारखानदार यंत्रं विकत नसे. भाड्याने देई आणि शिवलेल्या प्रत्येक जोडामागे पैसे घेई. हबर्डने तीच युक्ती टेलिफोनला लावली. मे १८७७ च्या जाहिरातीत दर आहेत: दोन टेलिफोनचं वर्षाचं भाडं घरगुती वापराला २० डॉलर, धंद्याला ४० डॉलर. दोन अशासाठी, की तेव्हा एक्स्चेंज नव्हतं, एक तुमच्या घरी आणि दुसरा तारेच्या पलीकडच्या टोकाला.

म्हणजे आज माझी लेक दर महिन्याला जे भाडं भरते त्याचा मूळपुरुष हा बुटांच्या यंत्राचा वकील!

भाड्याच्या पद्धतीत सगळं वाईटच होतं असं मात्र मी म्हणणार नाही. दुरुस्ती कंपनीच्या अंगावर होती, म्हणून कंपनीने यंत्रच असं बनवलं की दुरुस्ती लागू नये. बेलच्या कारखान्यात, वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये, १९४९-५० च्या सुमाराला तयार झालेला ‘५००’ नावाचा फोन जमिनीवर आपटला तरी चालत असे, आणि त्यांपैकी कित्येक आजही चालतात. ज्याला दुरुस्तीचा खर्च सोसायचा आहे तो वस्तू टिकाऊ करतो, हे आपल्या घरमालकांनाही कळायला हवं होतं. असो.

पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ग्राहकाने परत केलेला फोन कंपनी फेकून देत नसे. तो कारखान्यात जाई, उघडून साफ होई, दोर बदलला जाई, वरचं आवरण घासूनपुसून चकचकीत होई आणि पुढच्या ग्राहकाकडे जाई. पुढच्या ग्राहकाचं भाडं तेवढंच! म्हणजे अमेरिकेत वापरलेल्या फोनचा व्यवहार पहिल्यापासून जोरात चालू होता. फक्त तो करायची मुभा एकट्या कंपनीला होती. आजही केबल कंपनी भाड्याने जो मोडेम देते तो पुष्कळदा कुणीतरी परत केलेला, साफसूफ केलेलाच असतो. ‘वापरलेला नको गं, भाड्याचा बरा’ असं म्हणणाऱ्या माझ्या लेकीला मी हे सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली.

आता या गोष्टीतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं प्रकरण सांगते. त्याची नोंद मोडेमच्या जाहिरातीत सापडत नाही.

बेल हा मुळात कर्णबधिर मुलांचा शिक्षक. त्याची आई बहिरी होती. पत्नी मेबल लहानपणीच्या आजारात ऐकू येईनाशी झाली होती, आणि ती त्याची विद्यार्थिनी होती. अशा माणसाच्या हातून जे यंत्र तयार झालं, ते ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मात्र भिंत होऊन बसलं. जगाची सगळी कामं फोनवर होऊ लागली. डॉक्टरला बोलावणं, नोकरीची चौकशी, मुलगा घरी पोचला का हे विचारणं. कर्णबधिर माणसाने काय करायचं? शेजारच्याचं दार ठोठवायचं आणि ‘माझ्यासाठी एवढा फोन करा’ म्हणायचं. स्वतःची खाजगी गोष्ट शेजाऱ्याच्या तोंडून जगाला सांगायची. हे जवळजवळ नव्वद वर्षं चाललं.

१९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या तीन माणसांनी यावर तोड काढली. तिघेही कर्णबधिर. रॉबर्ट वाइटब्रेक्ट हा भौतिकशास्त्रज्ञ, जेम्स मार्स्टर्स हा दातांचा डॉक्टर आणि अँड्र्यू साक्स हा तिसरा. वाइटब्रेक्टला हौशी रेडिओचा नाद होता आणि त्यातून टेलिप्रिंटरचा. आपल्याकडे तारऑफिसात आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत ती कडकड वाजणारी यंत्रं असत, तीच. मार्स्टर्सने त्याला विचारलं की हे यंत्र फोनच्या तारेला जोडता येईल का? अडचण विज्ञानाची फारशी नव्हती. अडचण नियमाची होती. कंपनीच्या तारेला कंपनीच्या नसलेल्या वस्तूचा स्पर्श चालत नसे. कंपनीचे स्वतःचे मोडेम होते, १९६२ चा ‘१०३’ नावाचा तर सेकंदाला ३०० बिट पाठवी, पण ते कंपनीकडूनच भाड्याने घ्यायचे, आणि ते भाडं धंदेवाल्यांना परवडणारं.

वाइटब्रेक्टने तारेला हात लावला नाही. त्याने फोनचा रिसीव्हर उचलून दोन खळग्यांत ठेवला. एका खळग्यात स्पीकर, दुसऱ्यात मायक्रोफोन. टेलिप्रिंटरच्या अक्षरांचे सूर स्पीकरमधून वाजायचे, रिसीव्हर ते ‘ऐकायचा’ आणि पलीकडे पाठवायचा. पलीकडे तसाच दुसरा खोका ते सूर ऐकून पुन्हा अक्षरं करायचा. तारेला विजेचा धक्का नाही, जोड नाही, नुसता आवाज! मोडेम म्हणजे दुसरं काय असतं? आकड्यांचे सूर करणारा आणि सुरांचे आकडे करणारा. त्या शब्दाची फोडही तीच आहे. मे १९६४ मध्ये मार्स्टर्स आणि वाइटब्रेक्ट या दोघांनी आपापल्या गावांतून फोनच्या तारेवर एकमेकांशी लिहून बोलणं केलं, कुणाही शेजाऱ्याच्या मध्यस्थीशिवाय. मिनिटाला साठेक शब्द. आपल्याला आज हसू येईल. पण नव्वद वर्षांनी स्वतःच्या हाताने केलेला तो फोन होता.

खोका झाला, पण टेलिप्रिंटर कुठून आणायचा? नव्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. म्हणून सगळी भिस्त वापरलेल्या, मोडीत निघालेल्या यंत्रांवर. १९६८ मध्ये एटी अँड टी कंपनीने आपली जुनी टेलिप्रिंटर यंत्रं कर्णबधिरांच्या संस्थांना द्यायचं कबूल केलं आणि ती वाटण्यासाठी त्याच वर्षी एक संघटना उभी राहिली. मग गावोगावचे कर्णबधिर कार्यकर्ते गॅरेजमध्ये आणि तळघरात बसून ती धुडं दुरुस्त करू लागले. तेल घालायचं, फिती बदलायच्या, दोघातिघांनी उचलून कुणाच्या तरी घरी पोचवायची. सेकंडहँड या शब्दाला आपण जी नाकं मुरडतो ना, तेव्हा मला हे लोक आठवतात. जुनं यंत्र मिळालं म्हणून त्यांच्या घरी फोन आला. भाड्याच्या किंवा नव्याच्या भरवशावर बसले असते तर आणखी कित्येक वर्षं शेजाऱ्याचं दार ठोठवत राहिले असते.

तारेला स्पर्श का चालत नसे, तेही थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कंपनीचं म्हणणं असं की बाहेरची वस्तू जोडली तर जाळं बिघडेल, लाइनमनला शॉक बसेल. वरवर पटण्यासारखं आहे. पण हा नियम किती ताणला जाई पाहा. ‘हश-अ-फोन’ नावाची एक वाटी मिळत असे. रिसीव्हरच्या तोंडाशी बसवायची, म्हणजे कचेरीत शेजारच्या टेबलावर आपलं बोलणं जात नसे. वीज नाही, तार नाही, नुसती वाटी! तिच्यावरही कंपनीने हरकत घेतली, आणि १९५५ मध्ये एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामक आयोगाने, ती मान्यही केली. १९५६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मात्र ते फिरवलं. ज्या वापराने ग्राहकाचा फायदा होतो आणि इतरांचं काही बिघडत नाही तो वापर कंपनीला अडवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. हातांची ओंजळ तोंडाशी धरून कुजबुजलं तर चालतं, मग वाटीने काय घोडं मारलंय, असा साधा विचार.

दुसरा टेक्सासचा टॉम कार्टर. तेलाच्या विहिरींवर आणि गुरांच्या कुरणांवर काम करणारी माणसं वॉकीटॉकीसारख्या रेडिओवर बोलत, त्यांना गावातल्या फोनशी जोडून देणारा खोका त्याने काढला. हाही रिसीव्हर खळग्यात ठेवण्याच्याच युक्तीचा. १९५९ पासून सातेक वर्षांत त्याने साडेतीन हजारांच्या आसपास खोके विकले. कंपनीने ग्राहकांना फोन बंद करायच्या धमक्या दिल्या, तसा कार्टर कोर्टात गेला. कोर्टाने प्रकरण एफसीसीकडे पाठवलं आणि जून १९६८ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. परक्या वस्तूला सरसकट बंदी घालणारा नियम रद्द!

तरी कंपनी सहजासहजी हटली नाही. तिने नवा नियम केला की जोडा हवं ते, पण मध्ये आमचा ‘संरक्षक’ खोका बसवा, आणि त्या खोक्याचं दरमहा भाडं द्या. (हसू नका, आपल्याकडेही असे ‘मधले खोके’ पुष्कळ आहेत.) शेवटी १९७५ मध्ये एफसीसीने नोंदणीची पद्धत आणली. वस्तू एकदा तपासून नोंदली गेली की ती कुणीही विकावी, कुणीही घ्यावी, कुणीही भिंतीतल्या खाचेत खुपसावी. कोर्टकज्जे संपून १९७७ च्या अखेरीस ती खऱ्या अर्थाने सुरू झाली. त्याआधी लोक चोरून दुसरा फोन जोडत आणि त्याची घंटा काढून ठेवत, कारण तारेवर किती घंटा लागल्या आहेत हे कंपनीला विजेच्या मापावरून कळत असे!

आणि लगेच त्याचं फळ दिसलं. १९८१ मध्ये अटलांटातल्या डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांच्या कंपनीने ‘स्मार्टमोडेम’ काढला. खळगे नाहीत, रिसीव्हर नाही, सरळ भिंतीतल्या खाचेत. वेग तोच ३००, पण तो दुकानात मिळत होता, तुमचा होता, आणि जुना झाला की विकता येत होता. संगणकवेड्या पोरांनी एकमेकांचे जुने मोडेम घेतले-दिले. इंटरनेट आपल्या माहितीचं होण्याआधी अमेरिकेत जी घराघरांतली संगणक-फलकांची दुनिया उभी राहिली, ती या स्वतःच्या मोडेमांवर.

आपल्याकडे काय होतं? काळा फोन खात्याचा. आमच्या शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत तो होता आणि त्याच्या तबकडीला छोटं कुलूप होतं. किल्ली सरांच्या खिशात. ‘ओन युवर टेलिफोन’ नावाची योजना होती खरी, पण त्यात जास्त पैसे भरून मिळायचा तो रांगेतला पुढचा नंबर. फोनची यंत्रं बनवायला खाजगी कारखान्यांना मोकळीक मिळाली १९८४ मध्ये, आणि त्यानंतर हळूहळू बटणांचे, रंगीबेरंगी फोन दुकानांत दिसू लागले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा मोडेम आपला आपण आणायचा होता, त्यावर कुणी वाद घातल्याचं मला आठवत नाही. तो वाद अमेरिकेत आधीच लढून झाला होता.

पुन्हा अमेरिकेत जाऊ. १ जानेवारी १९८४ ला एटी अँड टी फुटली. घरातला फोन विकत घ्या, नाहीतर भाडं चालू ठेवा, असं लोकांना सांगण्यात आलं. बहुतेकांनी यथावकाश विकत घेतला. पण काहींनी तो कागद वाचलाच नाही, विशेषतः म्हाताऱ्या माणसांनी. २००६ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रांत आलं होतं की तेव्हाही साडेसात लाखांच्या आसपास ग्राहक फोनचं भाडं भरत होते! ओहायोतल्या एका आजींनी चाळीसेक वर्षं तबकडीच्या फोनचं भाडं भरलं, एकूण हजारो डॉलर. बिल बघितलं ते नातींनी. बिलातली बारीक ओळ वाचायची सवय हवी, हे मी शाळेत गणिताच्या नसलेल्या तासालासुद्धा सांगत असे.

केबलचा मोडेम ही पुढची पिढी. सुरुवातीला प्रत्येक केबल कंपनीची यंत्रणा वेगळी, म्हणून मोडेमही तिचाच आणि भाड्याचाच. मार्च १९९७ मध्ये केबल कंपन्यांच्या सामाईक प्रयोगशाळेने, केबललॅब्सने, ‘डॉक्सिस’ नावाचं एक समान मानक काढलं, आणि १९९९ पासून त्यावर उतरलेले मोडेम प्रमाणित होऊ लागले. एका गावचा मोडेम दुसऱ्या गावात चालू लागला. कार्टरने जे भांडून मिळवलं ते इथे कंपन्यांनी आपणहून दिलं, कारण मोडेम स्वस्त व्हायला त्यांनाही हवे होते. भाडं मात्र राहिलं आणि वाढत गेलं. ज्या एका मोठ्या कंपनीकडे वेगळं भाडं नव्हतं तिनेही २०१२ मध्ये महिना चार डॉलरच्या जवळपास सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी ते सहापर्यंत नेलं.

मग वापरलेला मोडेम घ्यावा का?

मला जुन्या पाठ्यपुस्तकांची उपमा सुचते. जूनमध्ये पालक विचारत, ‘बाई, गेल्या वर्षीचं पुस्तक निम्म्या किमतीत मिळतंय, घेऊ का?’ मी विचारत असे, अभ्यासक्रम बदललाय का? बदलला नसेल तर खुशाल घ्या, चार समासात पेन्सिलीच्या खुणा असतील, बिघडलं कुठे. बदलला असेल तर फुकटसुद्धा नको. डॉक्सिसचे अभ्यासक्रम असे: २.० शतकाच्या आरंभीचं, ३.० हे २००६ चं, ३.१ हे २०१३ चं. २.० चा मोडेम ही रद्दी. ३.० मध्येही आवृत्त्या आहेत, चार वाहिन्या एकदम घेणारे, आठ, सोळा, चोवीस, बत्तीस. चारचा मोडेम तुम्ही पैसे भरलेला वेग तुमच्यापर्यंत येऊच देणार नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या मोडेमांची यादी असते. तीत नाव नसेल तर तो कितीही चांगल्या अवस्थेत असो, घेऊ नये. आणि यादीत नाव आहे म्हणून तो गुणाचा असतोच असंही नाही. इंटेलच्या ‘प्युमा ६’ नावाच्या चिपचे मोडेम नवे असतानाच अडखळत, हे २०१६ च्या डिसेंबरात उघडकीला आलं. नामांकित कंपन्यांच्या डब्यात ती चिप होती. असे मोडेम नंतर जुन्या बाजारात आले तर नवल नाही.

पण पुस्तकाची उपमा एका जागी तुटते, आणि माझ्या मते खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. जुनं पुस्तक मी विकत घेतलं की ते माझं. त्यावर आधीच्या मुलाचं नाव असलं तरी शाळा ते काढून घेत नाही. मोडेमच्या पोटात एक क्रमांक असतो, जगात दुसरा तसा नाही असा. कंपनी तो आपल्या वहीत तुमच्या नावापुढे लिहिते आणि मगच मोडेम चालू होतो. आधीच्या माणसाने आपलं नाव खोडून घेतलं नसेल, त्याची बाकी असेल, किंवा तो मोडेम मुळात भाड्याचा असून त्याने परत न करता विकला असेल, तर तुमच्या हातात राहतो तो दिवे लुकलुकणारा खोका. टेक्सासच्या भाच्याच्या मित्राला गॅरेज सेलमध्ये अगदी असाच मिळाला. कंपनीच्या माणसाने फोनवर शांतपणे सांगितलं की हा आमचाच आहे, परत आणून द्या!

कंपन्यांचा हा संशय अगदीच उगाच नाही. दुसऱ्याचा क्रमांक आपल्या मोडेमवर चढवून फुकट इंटरनेट घेण्याचा उद्योग मधल्या काळात बराच चालला, आणि असे मोडेम विकणाऱ्या एकाला २०१२ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयाने दोषीही ठरवलं. मोडेमांत कारखान्यातच ओळखीचं प्रमाणपत्र घालून पाठवण्यावर भर आला. चोरी थांबवायची तर वही हवी, हे मला मान्य आहे. पण वही कंपनीची, आणि मोडेममधली आज्ञावलीही कंपनीच आपल्या तारेवरून बदलते. विकत घेतलेल्या मोडेममधली आज्ञावली मालकाला स्वतःला बदलता येत नाही. फोनच्या तळाशी जी ओळ पूर्वी उमटवलेली असे, ती आता अशी कुठे लिहिलेली नसते एवढंच.

दुसऱ्या बाजूलाही थोडं सरकलंय. काही कंपन्या, ग्राहकाने स्वतःचं यंत्र आणलं तरी त्याच्याकडून भाडं घेत होत्या! (हे मी दोनदा वाचलं.) डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून ते बंद केलं, आणि तो पुढच्या वर्षाच्या अखेरीस पूर्णपणे लागू झाला. आता काही कंपन्या मोडेम बिनभाड्यानेही देतात, तिथे विकत घेण्याचं कारणच उरत नाही. कुठे फोन आणि इंटरनेट एकाच केबलवर असतं, तिथे साधा मोडेम चालत नाही. फोनची खाच असलेला लागतो, आणि तो दुकानात फारसा मिळत नाही, म्हणून तिथे भाडंच बरं.

लेकीला मी शेवटी एवढंच सांगितलं. विकणाऱ्याकडून मोडेमच्या तळाचा फोटो मागव. त्यावरचा क्रमांक घे आणि पैसे द्यायच्या आधी आपल्या कंपनीला फोन करून विचार, हा आमच्या नावावर चढेल का? ‘हो’ म्हणाले तर घे, आणि ज्याने उत्तर दिलं त्याचं नाव, तारीख लिहून ठेव. विजेचा अडॅप्टर मूळचाच आहे ना बघ, तोच आधी जातो. भाड्याचा मोडेम परत करशील तेव्हा पावती घे आणि ती निदान वर्षभर जपून ठेव, कारण परत दिलेल्या वस्तूचे पैसे लागलेलं बिल येतं आणि तेव्हा पावतीशिवाय कुणी ऐकत नाही. जावईबापूंचं मत अजून नव्याच्याच बाजूने आहे. त्यांना चार वर्षं डोकं लावायचं नाहीये, आणि तेही मला समजू शकतं.

तुमच्यापैकी कुणाकडे, इथे किंवा तिथे, जुना भाड्याचा फोन अजून असेल तर उलटा करून तळाशी काय लिहिलंय ते प्रतिक्रियेत जरूर कळवा. विशेषतः आपल्या खात्याच्या काळ्या फोनच्या तळाशी नेमकं काय असे, हे मला कुणाकडून तरी हवंय. शाळेतल्या फोनला हात लावायची आम्हा शिक्षकांना परवानगी नव्हती.